हार्मंड्सवर्थचे थोरले कोठार

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेकडच्या धावपट्टीपासून साधारण दीड किलोमीटरवर हार्मंड्सवर्थ नावाचे गाव आहे. गावात बाराव्या शतकातल्या कोरीव दरवाजाचे एक चर्च आहे आणि चर्चच्या शेजारी एक काळपट, लांबलचक लाकडी इमारत. लांबी ५८ मीटर, रुंदी १२ मीटर, उंची सुमारे ११ मीटर. वर मातीच्या कौलांचे अवाढव्य छप्पर. बाहेरून पाहणाऱ्याला हे एखादे जुने गोदाम वाटेल, आणि त्यात फारसे चूकही नाही. ही इमारत गोदाम म्हणूनच बांधली गेली. फरक इतकाच की तिच्यासाठी तोडलेली ओकची झाडे १४२४ ते १४२६ या काळात पडली, आणि त्या झाडांचे जवळजवळ ९५ टक्के लाकूड आजही आपापल्या जागी उभे राहून छप्पर पेलते आहे. मध्ययुगातल्या लाकडी सांगाड्याच्या कोठारांपैकी इंग्लंडमध्ये आज शिल्लक असलेले हे सर्वांत मोठे कोठार.

एका खेड्यात एवढे कोठार कोणी आणि कशासाठी बांधले? उत्तर अनपेक्षित आहे: एका शाळेने.

हार्मंड्सवर्थची जहागीर विल्यम द कॉन्करर याने १०६९ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहराजवळच्या एका मठाला दिली होती. पुढे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात शंभर वर्षांचे युद्ध पेटले आणि फ्रेंच मठांच्या इंग्लंडमधल्या जमिनी इंग्रज राजे वारंवार जप्त करू लागले. उत्पन्न हाती लागत नाही, मालकी मात्र कागदावर आहे, अशा अवस्थेतल्या मठाकडून विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकहम यांनी ही जहागीर १३९१ मध्ये विकत घेतली. विकहम सामान्य घरातून वर आलेले. राजाच्या बांधकामांवर देखरेख करता करता ते इंग्लंडचे चान्सलर झाले. त्यांनी १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज आणि १३८२ मध्ये विंचेस्टर कॉलेज ही शाळा स्थापन केली. या शाळेतल्या ७० विद्यार्थ्यांचा खर्च कायमचा भागावा म्हणून तिला गावे जोडून दिली, त्यांत हार्मंड्सवर्थ होते. म्हणजे हार्मंड्सवर्थ ज्या मिडलसेक्स परगण्यात होते, तिथल्या कुळांनी पिकवलेला गहू विंचेस्टरच्या मुलांच्या लॅटिनच्या धड्यांचा खर्च उचलत होता.

विकहम १४०४ मध्ये वारले. कोठार बांधले गेले त्यानंतर वीसेक वर्षांनी. कॉलेजच्या कागदपत्रांत विल्यम किपिंग नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. हार्मंड्सवर्थच्या नव्या कोठारासाठी किंग्स्टन-अपॉन-टेम्स इथे लाकूड खरेदी करण्याच्या कामात तो होता. मध्ययुगातल्या शेतघराच्या सुताराचे नाव सहाशे वर्षे टिकावे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. 

कागद आणि लाकूड इथे एकमेकांची साक्ष देतात. ओकच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊसपाणी चांगले झाले तर रुंद, वर्ष वाईट गेले तर अरुंद. एकाच प्रदेशातल्या झाडांमध्ये या जाड-बारीक वलयांचा क्रम जुळतो, म्हणून ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा लाकडांशी ताडून नव्या नमुन्याचे वर्ष काढता येते. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले तेही कळते. हार्मंड्सवर्थच्या खांबांतून काढलेल्या नमुन्यांनी कॉलेजच्या जमाखर्चाला दुजोरा दिला. त्या काळी ओक वाळवत बसत नसत. ओले असतानाच त्याची कापाकापी सोपी जाते, वाळला की तो दगडासारखा कडक होतो. त्यामुळे झाड तोडल्याचे वर्ष आणि बांधकामाचे वर्ष यांत फारसे अंतर नसते.

आत शिरले की पहिली नजर खांबांवर जाते. दोन रांगा, मध्ये उंच मोकळी जागा, दोन्ही अंगांना उतरत्या छपराखालचे सोपे. लांबीचे बारा खण पडतात, प्रत्येक खण सुमारे पाच मीटरचा. कवी जॉन बेटजमन या इमारतीला मिडलसेक्सचे कॅथेड्रल म्हणत, ते या रचनेमुळेच. मात्र चर्चची नक्कल करावी म्हणून सुताराने असे बांधलेले नाही. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. बारा मीटर रुंद जागेवर एकाच तुळईने छप्पर टाकायचे, तर तेवढी लांब आणि तेवढी दणकट तुळई देणारे झाड आणायचे कुठून? म्हणून त्याने मधला भाग बेतशीर रुंदीचा ठेवला, त्याच्या दोन्ही कडांना खांब उभे केले, आणि उरलेली रुंदी बाजूच्या सोप्यांत टाकली. छपराचे ओझे भिंतीवर जवळजवळ येतच नाही. भिंती म्हणजे वारा-पाऊस अडवणाऱ्या नुसत्या फळ्या.

कलाइतिहासकार वॉल्टर हॉर्न यांनी युरोपभरच्या अशा कोठारांची मोजमापे घेऊन असे मांडले की, खणाखणांनी इमारत वाढवत नेण्याची ही रीत मोठ्या दगडी चर्चांच्याही आधीची, लाकडी घरांची आणि गोठ्यांची आहे. हे मान्य केले तर कोठाराने कॅथेड्रलकडून काही उसने घेतले असे म्हणण्यापेक्षा उलटे म्हणणे जास्त योग्य ठरेल. हा मुद्दा सगळ्या अभ्यासकांना पटलेला नाही. मला मात्र तो हार्मंड्सवर्थच्या खांबांचे फोटो पाहताना फार ओढून ताणून आणलेला वाटत नाही.

खरे कसब खांबाच्या माथ्यावर दिसते. तिथे तीन लाकडे एका ठिकाणी भेटतात: खुद्द खांब, खांबांच्या जोडीला बांधणारी आडवी तुळई, आणि इमारतीच्या लांबीभर एका खांबावरून दुसऱ्यावर जाणारी पाट. तिघांना एकमेकांत अडकवायचे तर खांबाच्या डोक्याशी जास्त जाड लाकूड लागते. झाड मात्र खाली जाड आणि वर निमुळते. इंग्लंडच्या जुन्या सुतारांनी यावर काढलेला तोडगा असा की झाड उलटे उभे करायचे. बुंधा वर, शेंडा खाली. बुंध्याच्या फुगीर भागात खाचा कोरून पाट आणि तुळई दोन्ही बसवायच्या. तुळई वरून पाटेला कुलपासारखी धरते, म्हणून वाऱ्याने छप्पर कितीही रेटले तरी खांब बाहेर फाकत नाहीत. या जोडांत लोखंड नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली ओकची खुंटी. ओले लाकूड वाळताना आकसते, पिळते आणि जोड आणखी घट्ट आवळतो. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात बसवलेले कमानदार टेकू मुद्दाम वाकड्या वाढलेल्या झाडांतून निवडलेले असत, कारण सरळ फळीतून कापलेली कमान रेषांच्या आडवी तुटते.

असा सांगाडा जागेवर चढवत चढवत बांधत नाहीत. आधी जमिनीवर आडवा मांडून प्रत्येक जोड जुळवून पाहायचा, लाकडांवर पटाशीने खुणेचे आकडे कोरायचे, मग सगळे सुटे करून त्याच क्रमाने उभे करायचे. आपल्याकडच्या वाड्यांत सागाचे खांब तळखड्यावर उभे असतात, तसे इथले खांबही दगडावर उभे आहेत. सरे परगण्यातल्या रायगेटचा हा वालुकाश्म. जमिनीची ओल लाकडात चढू नये हा दोन्हीकडचा हेतू एकच.

एवढा खटाटोप करून आत काय ठेवायचे? गहू, बार्ली, ओट. तेही दाणे नव्हेत, कणसांसकट पेंढ्या. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे विचित्र वाटेल. ज्वारी काढली की पुढचे कित्येक महिने पाऊस नाही, तेव्हा शेतातच खळे करायचे, मळायचे, वाऱ्यावर उफणायचे आणि दाणे तेवढे घरी आणून पेवात किंवा कणगीत भरायचे. आपल्याला साठवायचा असतो तो दाणा, आणि त्याला जागा थोडी लागते. इंग्लंडमध्ये पीक ऑगस्टमध्ये निघते आणि पाऊस कधीही येतो. म्हणून अख्खे पीक काडासकट छपराखाली आणावे लागे आणि मळणी सावकाश हिवाळाभर चाले. दाण्यापेक्षा काडाचा पसारा कितीतरी मोठा. हार्मंड्सवर्थचे बारा खण त्या पसाऱ्यासाठी आहेत.

पूर्वेच्या अंगाला तीन उंच दरवाजे आहेत, पेंढ्यांनी शीगोशीग भरलेली गाडी आत यावी एवढे. दरवाजांसमोरचे खण मोकळे ठेवायचे, तेच आतले खळे. दोन दांडकी चामड्याने जोडलेले झोडपणे घेऊन मजूर समोरासमोर उभे राहत आणि थंडीच्या महिन्यांत रोज थोड्या थोड्या पेंढ्या झोडपत. दाण्यांचे माप होई, हिशेब लिहिला जाई, काड जनावरांना आणि शाकारणीला. गावात या कामाला मोल होते, कारण हिवाळ्यात शेतमजुराला दुसरे काम नसे.

या इमारतीला सरसकट धर्मकराचे, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचे कोठार म्हटले जाते. ते बरोबर नाही. इथे जमीनमालकाच्या स्वतःच्या शेतीचे पीक येई. जमीनमालक आणि कुळे यांचे संबंधही गोड नव्हते. हार्मंड्सवर्थच्या कुळांनी तेराव्या शतकातच, फ्रेंच मठ मालक असताना, वेठबिगारीविरुद्ध राजाच्या न्यायालयापर्यंत धाव घेतली होती आणि तिथे ती हरली होती. कोठाराच्या भव्यतेचे कौतुक करताना हे विसरू नये. 

आठव्या हेन्रीच्या काळात जहागीर हातातून निसटली. १५४०च्या दशकात विंचेस्टर कॉलेजला ती अदलाबदलीत राजाला द्यावी लागली आणि १५४७ मध्ये ती राजदरबारातल्या सर विल्यम पॅजेट यांच्याकडे गेली. मालक बदलले, वारस बदलले, खंडकरी बदलले. कोठाराचे काम मात्र तेच राहिले. पुढच्या तीनशे वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि माझ्या मते इमारत टिकण्याचे मोठे कारण हेच. उपयोगात असलेल्या छपराची गळकी कौले मालक मुकाट्याने बदलतो.

मग मळणीयंत्र आले. हिवाळाभर चालणारे काम यंत्र थोड्या दिवसांत उरकू लागले आणि मजुरांच्या हातची थंडीतली कमाई गेली. १८३०च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडली आणि ते लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. इतिहासात याला स्विंगचे दंगे म्हणतात. या दंग्यांकडे निव्वळ यंत्रद्वेष म्हणून पाहिले जाते, पण आतल्या खळ्यावर एका कुटुंबाची हिवाळ्यातली भाकरी अवलंबून होती हे ठाऊक असले की तो राग समजतो. विसाव्या शतकात कापणी आणि मळणी एकदमच करणारे कंबाइन यंत्र शेतात उतरले आणि पेंढ्या घरी आणण्याची गरजच उरली नाही. हार्मंड्सवर्थच्या कोठारात मग गवत, अवजारे, शेतीचे किडूकमिडूक साठू लागले. साधारण १९७०च्या दशकापर्यंत ते शेतीच्या कामात होते.

दरम्यान त्याला वेगळे चाहतेही मिळाले. व्हिक्टोरियन काळातले वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे नाव मुंबईकरांना परके नाही. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह त्यांच्याच आराखड्यावरून उभे राहिले. या स्कॉटना न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चसाठी कॅथेड्रल रचायचे होते. भूकंपाचा प्रदेश, म्हणून त्यांनी आत लाकडी सांगाडा योजला, आणि त्या कल्पनेमागे हार्मंड्सवर्थचे कोठार होते. तिथल्या लोकांना दगडच हवा होता. शेवटी कॅथेड्रल दगडाचे झाले, आणि फेब्रुवारी २०११च्या भूकंपात त्याचा मनोरा कोसळला.

१९५० मध्ये सरकारने कोठाराला वारसा इमारतींच्या यादीत पहिला दर्जा दिला. पण यादीत नाव लागले म्हणून कोणी छप्पर शिवत नाही. शेती थांबल्यावर जमीन बांधकाम व्यवसायातल्या कंपनीकडे गेली. ती बुडाली, आणि २००६ मध्ये परदेशात नोंदलेल्या दुसऱ्या एका कंपनीने हे कोठार घेतले, एका पौंडाला. विमानतळ वाढला तर नुकसानभरपाई मिळेल या आशेवर ही खरेदी झाली असावी, असा तर्क तेव्हा वृत्तपत्रांनी केला होता. सहाशे वर्षांत या इमारतीला खरा धोका कधी होता, तर या मधल्या काळात. कौले निखळली, फळ्या सुटल्या, आणि दार बंद. २००९ मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने कायद्याचा आधार घेऊन तातडीची डागडुजी स्वतः केली. खर्च कोणी द्यायचा यावरून वाद झाला, आणि अखेर जानेवारी २०१२ मध्ये संस्थेने कोठारच २०,००० पौंडांना विकत घेतले. लंडनमध्ये तेवढ्या पैशांत गाडी लावायची जागादेखील सहजी मिळत नाही. त्यानंतर छप्पर, फळ्या आणि दरवाजे यांची सावकाश, नीट दुरुस्ती झाली. दैनंदिन देखभाल गावातल्या स्वयंसेवकांच्या हाती आहे.

अशा कोठारांना नवे आयुष्य कसे द्यायचे, याची उत्तरे आसपासच सापडतात. लंडनच्याच हिलिंग्डन भागात राइसलिप इथे १३००च्या सुमाराचे मोठे कोठार आहे. तिथे बाजार आणि कार्यक्रम भरतात, आणि शेजारच्या लहान कोठारात १९३७ पासून सार्वजनिक वाचनालय चालते. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलची दोन कोठारे याहून जुनी, तेराव्या शतकातली, टेंपलर या लढवय्या धर्मसंघाने बांधलेली. १९८७ मध्ये परगण्याच्या कौन्सिलने ती घेतली, आणि आता तिथे लोक लग्ने लावतात. हे सगळे उपयोग मला चांगले वाटतात. वाईट वाटतो तो राहत्या घराचा उपयोग. इंग्लंडभर शेकडो जुनी कोठारे घरे झाली, आणि घर म्हटले की मजले आले, भिंती आल्या, छपरात खिडक्या आल्या. सांगाडा राहतो, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी नजर अडते. कोठाराचे सौंदर्य त्याच्या पोकळीत आहे, आणि पोकळीचे तुकडे पाडून पोकळी वाचत नाही. हार्मंड्सवर्थच्या बाबतीत ती जवळपास रिकामीच ठेवण्याचा निर्णय झाला. एवढी मोठी जागा काहीच न करता ठेवायची ही चैन आहे, हे खरे. प्रत्येक कोठाराला ती परवडणार नाही. पण देशातल्या सर्वांत मोठ्या एका कोठारासाठी ती करायला हवी होती आणि ती केली गेली.

विमानतळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हीथ्रो हे मुळात याच हार्मंड्सवर्थच्या हद्दीतल्या एका वाडीचे नाव. १९४४ मध्ये युद्धकाळातल्या अधिकारांखाली ती वाडी आणि तिची भाजीपाल्याची सुपीक जमीन ताब्यात घेतली गेली, लोकांना हलवले गेले, आणि १९४६ मध्ये तिथून प्रवासी विमाने उडू लागली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, कैरो आणि जिनिव्हामार्गे इथेच उतरले. आता तिसऱ्या धावपट्टीची योजना आहे. संसदेने २०१८ मध्ये तिच्या धोरणाला मंजुरी दिली, २०२० मध्ये अपील न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पुन्हा योजनेला पाठिंबा जाहीर केला. आजवर चर्चेत आलेल्या मुख्य आराखड्यात गावाचा मोठा भाग जातो. चर्च आणि कोठार कुंपणाच्या अगदी लगत, पण बाहेर राहतात. गाव उठल्यावर कोठाराची देखभाल करणारे स्वयंसेवक कुठून येणार, याचे उत्तर कोणत्याही नकाशावर नाही. माझ्या मते कोठार वाचवायचे तर गावही वाचवावे लागेल. निव्वळ इमारतीला वळसा घालून कुंपण टाकणे म्हणजे संरक्षण नव्हे.

मुंबईहून लंडनला जाणारे किंवा तिथेच राहणारे वाचक पुष्कळ असतील. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी हे कोठार लोकांसाठी उघडे असते, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जाण्याआधी ‘इंग्लिश हेरिटेज’च्या संकेतस्थळावर तारीख-वेळ तपासून घ्यावी. आत गेल्यावर दाराशी असलेल्या स्वयंसेवकाला खांबाच्या माथ्यावरचा जोड दाखवायला अवश्य सांगावे.